गुरुजींच्या चार खुणा

"उद्या दिपोटीसाहेब दिवसभर वर्गात ठाण मांडून बसले, तरी त्यांना माझी एक धाप ऐकू येणार नाही!" झुलाल गुरुजींनी छातीवर मूठ आपटून बायकोला सांगितलं.

"छाती ठोकू नका, खोकला येईल," बायको म्हणाली.

आला! चांगला पाव तास टिकला.

नरडाणा स्टेशनपासून दोन कोसांवरच्या त्या गावात लोकल बोर्डाची शाळा होती. एक खोली, तीन इयत्ता आणि दमेकरी गुरुजी एकच. मागच्या खेपेला शाळा तपासायला आलेल्या दिपोटींनी शेरेबुकात लिहिलं होतं, 'शिक्षक धापा टाकतात. पुढील तपासणीत प्रकृती पाहून कामावर ठेवणे न ठेवणे ठरवावे.' तेव्हापासून गुरुजी तपासणीचे दिवस मोजत होते. मुलं नसलेला दिवस कसा जातो, ते त्यांना दर रविवारी कळायचं. उरलेलं सगळं आयुष्य रविवार म्हणून काढायची त्यांची मुळीच तयारी नव्हती!

पण दम्याला ते वर्गातल्या वांड पोरासारखं ओळखून होते. खोडी काढायच्या आधीच त्याला हेरायचं! फळा ओल्या फडक्याने पुसायचा. पाणी शिंपडल्याशिवाय केर काढायचा नाही. कापसाच्या गाड्या निघाल्या की रस्त्याकडची खिडकी बंद. शाळेमागे राहणाऱ्या भिकुबाईने तर मिरच्या कुटायचं उखळ गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. पोराचं पत्र तिला स्वतःला वाचता येत होतं, ते गुरुजींनी शिकवलं म्हणून!

एवढं करूनही दम लागलाच, तर चार खुणा होत्या. दम लागला की माणसाला बोलता येत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच विचारतात, "काय होतंय? काय होतंय?" म्हणून गुरुजींनी वर्गाला पाढ्यांसारख्या खुणा पाठ करून दिल्या होत्या. छातीवर हात ठेवला, तर स्टुलावर पुढे वाकवून बसवायचं. हात गळ्याशी गेला, तर गुंड्या सोडायच्या. हात हलवला, तर पाट्यांनी वारा घालायचा. दोन बोटं दाखवली, तर टेबलाखालच्या तांब्यातला अडुळशाचा काढा पाजायचा.

"आणि मी नको म्हटलं तरी ऐकायचं नाही," गुरुजींनी बजावलं होतं. "कडू औषधाच्या वेळी मी तुमच्याहून लहान होऊन बसतो!"

तपासणीच्या सकाळी ते वर्गाला म्हणाले, "आज मी एकही खूण करणार नाही."

तिसरीतली मंजुळा उठली. "गुरुजी, दुसऱ्या कोणी केली तर?"

"तर नेहमीसारखं करायचं! त्यात विचारायचं काय?"

दिपोटीसाहेब आले. मागचे बदलून गेले होते, हे नवे होते. डोक्यावर कडक फेटा आणि गळ्यापर्यंत गच्च गुंड्या लावलेला कोट. शेरेबूक उघडून ते मागच्या शेऱ्यावर बोट ठेवून बसले. गुरुजी सावकाश, श्वास राखून शिकवू लागले. सगळं कसं छान चाललं होतं!

तेवढ्यात मागच्या खिडकीतून भिकुबाईचा आवाज आला, "गुरुजी, काय्जी करू नका! साहेबले असं भरीत खवाडसू, का साहेब शेरा लिखानं भुली जाई!"

गुरुजींनी खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. खिडकीखाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटला होता. त्यात टोपलीभर वांगी आणि वर ओंजळभर हिरव्या मिरच्या! मिरच्यांचं उखळ गावाच्या टोकाला नेणाऱ्या त्या माउलीला हा धूर धूर वाटलाच नव्हता. भरिताचा धूर म्हणजे पाहुणचार!

वारा फिरला. पाहुणचार खिडकीतून वर्गात शिरला.

गुरुजींनी झटकन उपरण्याचं टोक ओलं करून नाकाशी धरलं, फळ्याकडे तोंड केलं आणि गरम चहावर फुंकर घालतात तसा ओठांतून हळूहळू श्वास सोडू लागले. पण साहेबांना यातलं काय ठाऊक! ते खोकत उठले, लाल झाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

अख्खा वर्ग उठला!

मंजुळाने स्टूल सरकवलं. दोघांनी साहेबांना बसवून पुढे वाकवलं. साहेबांचा हात गळ्याशी गेला, तशा पटापट गुंड्या सुटल्या. "अरे, हटा!" म्हणून त्यांनी हात हलवला, तर सतरा पाट्या वारा घालू लागल्या. फेटा उडून तिसऱ्या रांगेत पडला! एकाने धावत जाऊन खिडकी लावली. शेवटी साहेबांनी दोन बोटं वर केली. दोन मिनिटं थांबा, असं बिचाऱ्यांना म्हणायचं होतं! पहिलीतल्या चिंधाने तांब्या त्यांच्या तोंडाला लावला.

"नको! नको!"

"गुरुजी बी असंच म्हणतस," चिंधा मायेने म्हणाला. "घ्या!"

साहेबांनी घेतला. हळूहळू त्यांचा श्वास बसला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"गुरुजींनी!"

"कशासाठी?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं!

"गुरुजींना दमा आहे ना," मंजुळा म्हणाली. "पण आम्ही आहोत."

साहेबांनी शेरेबूक जवळ ओढलं. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, मलाही आहे. कचेरीत कोणाला ठाऊक नाही. घरी दम लागला की सगळे भोवती जमून विचारत बसतात, काय होतंय, काय होतंय! या खुणा मला कागदावर लिहून द्याल?"

आणि त्यांनी शेरा लिहिला: 'शिक्षकाची प्रकृती कामास योग्य. मुलांचा भूगोल कच्चा. बाकी त्यांच्याबद्दल काय लिहावे!'

शाळा सुटल्यावर पंगत बसली. भिकुबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भाऊ, मन्ही अक्कलच जळी गई!"

"नाही अक्का," गुरुजी म्हणाले. "तुमच्या धुराने माझी नोकरी राखली!"

समोर गरम भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भोवती आपली मुलं. गुरुजींचं मन भरून आलं. देवाने श्वास थोडा कमी दिला, पण माणसं किती दिली! त्यांनी पहिला घास उचलला आणि त्या भरात दुसरा हात नकळत छातीवर ठेवला.

अख्खी पंगत उठली!

"अरे, मला काही झालेलं नाही! नको! नको रे!"

पण नियम गुरुजींचाच होता. त्या दिवशीचं भरीत त्यांना शेवटच्या घासापर्यंत अडुळशाचं लागलं.