कोपऱ्यातल्या पेट्रोलचं म्हणणं

सोमवारी सकाळी बोंद्रेंच्या नव्या इंजिनात जी ठकठक सुरू झाली, ती हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या एका कोपऱ्यातलं पेट्रोल करत होतं, आणि त्याला फक्त बोंद्रेंशी बोलायचं होतं.

टेस्टिंग बघणारे दिलावरमामा मुल्ला हा निरोप घेऊन बोंद्रेंच्या केबिनमध्ये आले. "माझ्याशी बोलंना झालंय," ते म्हणाले. "ज्यानं हेडचं ड्रॉइंग काढलंय त्यालाच बोलवा म्हणतंय."

बोंद्रेंना आतून बरं वाटलं. कोल्हापुरात इंजिनांच्या हेडची ड्रॉइंगं काढणारे पुष्कळ होते, पण असं नाव घेऊन बोलावणं कुणाला आल्याचं ऐकिवात नव्हतं. केसांवरून हात फिरवून ते निघाले.

मामांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाच्या हेडवर टेकवलं आणि मूठ बोंद्रेंच्या कानाला लावली. दर ठोक्याला एक अक्षर येत होतं. एक जण एक अक्षर बोलून जळून जाई, पुढचं अक्षर पुढचा बोले. वाक्य मात्र कुठे तुटत नव्हतं.

"बोंद्रे तुम्हीच का?"

"हो. आपण?"

"आम्ही धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडच्या कोपऱ्यातले. तुमची ठिणगी पडते पार पलीकडच्या टोकाला. तिकडचे पेटतात, फुगतात आणि आम्हाला इकडे चेपतात. शेजारी व्हॉल्व्ह लालबुंद. ज्योत यायची वाट बघून बघून आम्ही आपले आपणच पेटतो."

"पण त्यानं पिस्टनवर घण बसतो. शुक्रवारी आठ तासांची चाचणी आहे. पिस्टनला भोक पडेल."

"पडेल ना."

बोंद्रेंनी तक्रार लेखी द्यायला सांगितली.

"सही कुणी करायची, साहेब? ज्यानं तक्रार सुरू केली तो केव्हाच गेला."

अडचण रास्त होती. बोंद्रेंनी लेखीचा आग्रह सोडला आणि ठिणगी जरा उशिरा देऊन बघितली. ठकठक थांबली, पण इंजिन भरपेट जेवून उठल्यासारखं चालू लागलं. ताकदीचा काटा खाली आला. मामांनी काट्यावर बोट ठेवलं. बोंद्रेंनी ठिणगी मुकाट्यानं पुन्हा वेळेवर आणली.

"एक विचारू?" कोपऱ्यातून आलं. "ठिणगीचा प्लग त्या टोकाला का ठेवलात?"

या प्रश्नाचं उत्तर बोंद्रेंनी तीन परिसंवादांत दिलं होतं. त्यात पाण्याचा प्रवाह होता, थंडावा होता, आकृतीतले निळे बाण होते. तेच उत्तर त्यांनी आताही सुरू केलं. दुसऱ्या बाणापर्यंत येताना ऐकणारे हजारभर जण जळून गेले होते, तरी आतून कुणी मध्ये बोललं नाही. बोंद्रेंनाच पुढे बोलवेना.

"खरं सांगू? मी कागदावर आधी व्हॉल्व्ह काढले. चांगले मोठे काढले. मग मध्ये प्लगला जागाच उरली नाही. थंडाव्याचं नंतर सुचलं."

"वाटलंच होतं आम्हाला," कोपरा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

बोंद्रेंनी मालकांकडे जाऊन चाचणी पुढे ढकलायला सांगितली आणि कारणही सांगितलं. मालक शिंत्रे यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पेट्रोल म्हणालं?"

"हो."

"मग बदला. त्याला रोज आत राहावं लागतंय."

नव्या हेडला सहा आठवडे लागले. पेट्रोल जळायची आतली पसरट जागा गेली, पालथ्या वाटीसारखी आटोपशीर जागा आली. व्हॉल्व्ह थोडे लहान झाले, प्लग मधोमध बसला, लांबचा कोपरा उरलाच नाही. इंजिन आठ तास पूर्ण ताकदीनं चाललं, काटा आधीपेक्षा वर होता, आणि ठकठक एकदाही झाली नाही. मालकांनी पेढे मागवले.

पेढा हातात तसाच ठेवून बोंद्रे स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून तीन मिनिटं उभे राहिले. मग "काही हवं-नको?" असंही विचारून बघितलं. आतून काही आलं नाही.

"एखादा शब्द तरी बोलायला हवा होता, मामा."

"कसं बोलणार, साहेब? वाटच बघायला लागंना झालीय त्यांना."

बोंद्रेंनी मान हलवली. तसं डिझाइन त्यांनीच केलं होतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि इंजिन बंद केलं.