दोन फूट खाली

ज्या वर्षी आमच्या लातूरचा जिल्हा झाला, त्याच वर्षी मी घराची जमीन दोन फूट खाली नेली. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असं लोक म्हणतात. (लोकांना दूरचं दिसत नाही.) कालपर्यंत तहसीलीत कारकून होतो, तो आता जिल्ह्याच्या कार्यालयात, टंचाई शाखेत कारकून झालो. खुर्ची तीच, हातगाडीवरून इकडे आणलेली. पण तिच्यावर बसताना पाठ आपोआप ताठ होऊ लागली. अशा माणसाच्या घरात पाहुण्याने वाकून उभं राहायचं?

पाहुणा म्हणजे माझा मेहुणा, उदगीरचा सिद्धराम. उंची सहा फूट दोन इंच. आमचं घर मातीच्या माळवदाचं, आणि त्याच्या तुळया इतक्या खाली की मध्यम उंचीच्या माणसानेच (बायकोच्या मते 'बुटक्या') सुखाने फिरावं. मागच्या भाऊबीजेला ओवाळून घेऊन सिद्धराम पाटावरून उठला, तो तुळईवर असा आदळला की कपाळाचं कुंकू तुळईला लागलं. डोकं चोळत म्हणाला, "अक्का, ह्या घरात मान ताठ करता येईल तवा बोलीव. तवर मी न्हाई येत."

रुद्राणीला हा एकच भाऊ. वर्षभर तुळईवरचं ते कुंकू तिने कुणाला पुसू दिलं नाही. मला ते फार लागलं.

दिवाळीच्या आधी मी नरसिंग गवंड्याला बोलावलं.

"माळवद वर न्यायचं म्हंजे भिंती वाढवाव्या लागत्याल, सायेब," तो म्हणाला. "मातीच्या भिंती. वझं सोसायच्या न्हाईत."

"मग माळवद राहू दे," मी म्हणालो. "जमीन खाली ने."

नरसिंगने माझ्याकडे पाहिलं, मग रुद्राणीकडे. "वहिनी, सायबाची तब्येत बरी हाय ना?"

"जिल्हा झाल्यापासून असंच चाललंय," रुद्राणी म्हणाली.

पाया उघडा पडू नये म्हणून भिंतीलगत कट्टा सोडून त्याने मधली खोली खोदायला घेतली. पाऊस नसल्याने जमीन अशी वाळली होती की टिकाव उलटा यायचा. आठ दिवस आम्ही स्वयंपाकघरात झोपलो. खोलीबरोबर कोपऱ्यातली मोरी खाली गेली, मोरीवरचा नळ खाली गेला, दारातून उतरायला तीन पायऱ्या झाल्या. फरशी बसली तेव्हा मी मधोमध उभा राहून हात वर केला. तुळईला लागला नाही! अख्ख्या जिल्ह्यात ही अक्कल कुणाला सुचली नव्हती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून रुद्राणी म्हणाली, "आता तर अजूनच बुटके दिसायलात."

भाऊबीजेला मी सिद्धरामला आणायला एसटी स्टँडवर गेलो. इथे एक सांगायला हवं. त्या दिवसांत नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही कधी ते नक्की नाही. म्हणून सगळी गल्ली तोट्या उघड्याच ठेवायची. खळखळ ऐकू आली की घागरी घेऊन धावायचं. धावून बहुतेकांना नुसती हवाच मिळायची, कारण पाण्याला जोर नव्हता.

आम्ही आलो तर दारात वीसेक बाया. मला वाटलं, ताठ मानेचा मेहुणा बघायला जमल्या असतील. मी मिशीवरून हात फिरवला.

"गुरुबसप्पा," शेजारच्या रत्नम्मा भरलेली घागर कमरेवर घेत म्हणाल्या, "लई पुण्य लागंल तुमाला!"

मी आत डोकावलो. मधली खोली गुडघाभर पाण्याने भरली होती. गल्लीतला सगळ्यात खालचा नळ आता माझा होता. साहजिकच गल्लीचं सगळं पाणी माझ्याकडे आलं होतं. आणि त्याला बाहेर जायला मोरीचं भोक? ते भिंतीत जुन्या जागीच होतं, दोन फूट वर. खाली घ्यायचं मी आणि नरसिंग दोघेही विसरलो होतो. रुद्राणी आत करंज्या तळत होती. स्टोच्या आवाजात तिला खळखळ ऐकूच आली नव्हती.

सिद्धरामने चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि पायऱ्या उतरून पाण्यात सरळ उभा राहिला. वर बघितलं. "दाजी, लागत न्हाई की!"

पाट तरंगत होता. रुद्राणीने उंबऱ्यावर उभं राहूनच त्याला ओवाळलं. तिचा हात त्याच्या कपाळाला आपसूक पोचला. तिचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, गुडघाभर पाण्यात उभं राहून मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा इतका अभिमान वाटला.

तो अभिमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी टंचाई शाखेत, म्हणजे माझ्याच टेबलावर, आमच्या गल्लीचा अर्ज आला. 'सदर घर सार्वजनिक विहीर म्हणून जाहीर व्हावे व घरमालकाची सोय इतरत्र करावी.' खाली चौतीस सह्या. नियमाप्रमाणे शिक्का मारला आणि सह्या तपासायला शेवटून सुरुवात केली. रत्नम्मांचा अंगठा, नरसिंगचाही अंगठा, आणि सगळ्यात वर, पहिली, ठसठशीत वळणदार अक्षरात: सौ. रुद्राणी गुरुबसप्पा.