बबनराव, वजन सत्तावन्न

बबनरावांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन विचारलं.

मी त्यांच्या दारात भांडायला उभी होते. बँकेतून निवृत्त होऊन शनिवार पेठेतून धायरीच्या या इमारतीत राहायला आले, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते आणि चारही दिवस पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडून धप धप धप असा आवाज येत होता. पाचव्या दिवशी मी सरळ जाऊन बेल दाबली. दार उघडलं ते साठीच्या घरातल्या, सडसडीत, नाक किंचित डावीकडे वळलेल्या एका गृहस्थांनी. हातात उड्या मारायची दोरी. पाठ करून आणलेलं भाषण मी एका दमात म्हणून टाकलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमचं वजन किती?"

असा प्रश्न मला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. मी इतकी गडबडले की चक्क उत्तर दिलं, "बासष्ट."

बाजारात म्हैस पारखावी तशी त्यांनी माझ्यावरून एकदा नजर फिरवली. "सहासष्ट," ते म्हणाले. "हरकत न्हाई. माझ्या वरच्या गटात हाय तुम्ही. आता भांडू या. बसा."

सहासष्ट बरोबर होतं, हे सांगायला नकोच. मग आम्ही अर्धा तास मनसोक्त भांडलो, आणि दोरीवरच्या उड्या गच्चीवर न्यायच्या असं ठरलं. त्यांच्या पत्नी कमलताई मध्ये चहा ठेवून गेल्या. जाताना त्या माझ्याकडे अशा काही हेव्यानं बघत होत्या की मला कळेना, हिनं हेवा करावा असं माझ्याकडे आहे तरी काय. ते पुढे कळलं.

बबनराव म्हणजे बॉक्सिंगचे चॅम्पियन. सत्तावन्न किलोच्या गटात लागोपाठ चार वर्षं राज्याचं अजिंक्यपद. त्याच जोरावर एका कारखान्यात नोकरी लागली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. मूळचे धायरीचेच. आमची इमारत त्यांच्या वांग्याच्या वावरात उभी आहे, आणि पार्किंगमध्ये माझी स्कूटर जिथे असते तिथे त्यांची विहीर होती. घरात चषकच चषक. कमलताईंनी त्यांतल्या सगळ्यात मोठ्या चषकात रवी, झारा आणि पळ्या उभ्या केल्या आहेत. बबनरावांची त्याला काही हरकत नाही.

त्यांची हरकत फक्त एका गोष्टीला. बॉक्सिंग शिकवणाऱ्या वस्तादांनी त्यांना एक नियम घालून दिला होता की आपल्यापेक्षा हलक्या माणसावर हात उचलायचा नाही. त्यात बबनरावांनी स्वतःची भर घातली: "हात न्हाई, आन् तोंड बी न्हाई." म्हणजे आपल्यापेक्षा हलक्या माणसाशी ते भांडतच नाहीत. त्याने काहीही बोलावं, हे हात मागे बांधून ऐकून घेणार.

एकदा स्वारगेटला एका रिक्षावाल्यानं धायरी ऐकताच तोंड फिरवलं. वर चार शब्द सुनावले. तो होता काडीपैलवान, पन्नास किलोच्या आतबाहेर. बबनराव एक अक्षर न बोलता वळले आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी तसाच एक भेटला, पण हा चांगला ऐंशी किलोचा होता. त्याला त्यांनी दोन्ही दिवसांचं मिळून एकदम ऐकवलं. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की यातलं निम्मं दुसऱ्याचं आहे. आमच्या सोसायटीचे चेअरमन ब्याण्णव किलोचे. पाण्याच्या टाकीवरून त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. बबनरावांना मात्र मीटिंगला जाताना सणाला जाणाऱ्या माणसासारखा उत्साह असे. आणि इमारतीत ते जिच्याशी मोकळेपणानं वाद घालत अशी बाई मी एकटी. याचा अर्थ काय होतो ते इमारतीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की चॅम्पियननी तरुणांना चार शब्द सांगावेत असा आग्रह होतो. हिंजवडीला नोकरी करणारी, भाड्यानं राहणारी मुलं डोळे चोळत उभी असतात. बबनराव पुढे येतात, दोन्ही मुठी हनुवटीशी धरतात आणि दरवर्षी तेच सांगतात. "हनुवटी खाली, हात वर. मार खाऊन कुनी हरत न्हाई. हात खाली आले की हरतो. चहा घ्या." एवढंच. पण खरं सांगते, बँकेत मी चाळीस वर्षं मोठमोठ्या साहेबांची भाषणं ऐकली, त्यातलं एक वाक्य आठवत नाही. हे मात्र लक्षात राहिलं.

आता त्यांच्या काट्याविषयी. दर रविवारी सकाळी बबनराव मंडईत जातात ते भाजीला नव्हे, वजन करायला. तिथले शब्बीरभाई हे फळांचे व्यापारी, घराणं पिढ्यान्‌पिढ्या मंडईतलं. तरुणपणी बबनरावांच्या लढतींना हेच रिंगच्या कोपऱ्यात टॉवेल धरून उभे असायचे. दुकानात सगळे काटे इलेक्ट्रॉनिक झाले, तरी गोल तबकडीचा, पाय ठेवून उभं राहायचा जुना लोखंडी काटा त्यांनी केवळ बबनरावांसाठी ठेवला आहे. पाव किलो जरी जास्त भरलं तरी बबनराव त्या दिवशी जेवत नाहीत. इतकी वर्षं सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न. "काट्याला खोटं चालत न्हाई," हे त्यांचं पालुपद.

आणि हे नुसतं बोलणं नव्हे. ऐन उमेदीत ते राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले होते. लढतीच्या सकाळी वजन झालं, काट्यानं बरोबर सत्तावन्न दाखवले. पंचांनी सही करायला पेन उचललं आणि बबनराव म्हणाले, साहेब, तुमचा काटा अडकतोय, मी बाहेर दोनदा बघून आलोय, माझं दोनशे ग्रॅम जास्त हाय. पंचांनी डोळ्यांनी खुणावलं, गप बस. हे गप बसेनात. दुसरा काटा मागवावा लागला. सत्तावन्न किलो दोनशे ग्रॅम. झालं, बाद. सुवर्णपदक न लढता समोरच्याच्या गळ्यात गेलं. शब्बीरभाई सांगतात, तो टॉवेल त्या दिवशी माझेच डोळे पुसायच्या कामी आला.

अशा माणसाशी कमलताईंचा अडतीस वर्षांचा संसार. त्या पंचावन्न किलोच्या. म्हणजे दोन किलोंनी हलक्या. म्हणजे अडतीस वर्षांत नवरा त्यांच्याशी एकदाही भांडलेला नाही.

ऐकायला किती छान वाटतं. मलाही आधी वाटलं होतं. पण कमलताईंसारख्या भांडणात रमणाऱ्या बाईला हा केवढा जाच. त्या बोलायला लागल्या की काय रंग भरायच्या. लग्नात सासरच्यांनी केलेल्या मानापमानापासून सुरुवात करून गॅलरीत वाळत न घातलेल्या टॉवेलापर्यंत अशा काही येऊन पोचायच्या की भिंतीला कान लावून ऐकत राहावं. आणि समोरून काय, तर "हं." एकदा त्या मला कळवळून म्हणाल्या, "ताई, भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत आवाज तरी करती." डिंकाचे लाडू, तूप, श्रीखंड, काय काय खाऊन त्यांनी वजन वाढवायचा प्रयत्न केला. एकदा पंचावन्न किलो चारशे ग्रॅमपर्यंत गेल्या होत्या. त्या आठवड्यात बबनराव जरा जपून वागत होते.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी नातवाला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली. नातू जन्मापासून यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. दोघं निरोप देऊन आले, आणि हळूहळू भिंतीपलीकडचा कमलताईंचा आवाज बंद झाला. आधी मला वाटलं, होईल चार दिवसांत नीट. महिना गेला, दुसरा गेला. दारात भाडेकरू मुलांच्या मोटारसायकली वेड्यावाकड्या लागल्या तरी कमलताई भांडायला बाहेर येईनात. ताटातलं तसंच राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही, त्यांना बोलतं करा. वजन त्रेपन्न झालं, मग एक्कावन्न, मग एकोणपन्नास. मला भीती वाटायला लागली. ही बाई आपल्या डोळ्यांदेखत विझून जाणार असं वाटायला लागलं.

एका सकाळी मी गच्चीवर गेले. बबनराव उड्या मारत नव्हते. दोरी हातात घेऊन कठड्याशी उभे होते.

"तिचे हात खाली आलेत, ताई," ते म्हणाले.

मग तुम्ही भांडा की तिच्याशी, मी म्हणाले. समोरून कुणी बोललं तर ती बोलेल. आयुष्यभर तिनं दुसरं मागितलं काय तुमच्याकडे? ते म्हणाले, ती एकोणपन्नासवर आलीय, आता तर आठ किलोचा फरक हाय. मी म्हणाले, खड्ड्यात घाला तो फरक. यावर त्यांनी मला विचारलं की नियमच मोडला तर मग मी कुठल्या गटात राहिलो. माझं डोकंच फिरलं.

"कुठल्याच गटात राहू नका," मी म्हणाले. "नवरा म्हणून राहा."

मी सहासष्ट किलोची असूनही ते न भांडता दोरी गुंडाळून खाली गेले.

पुढच्या रविवारी ते दारात आले. कमलला मंडईत न्यायचं आहे, तुम्ही बरोबर असलात तर येईल, म्हणाले. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. शब्बीरभाईंनी "या वहिनी" म्हणत स्टूल पुसून दिलं. आधी बबनराव काट्यावर चढले. सत्तावन्न. मग त्यांनी हाताला धरून कमलताईंना उभं केलं. त्यांचं लक्ष तबकडीकडे नव्हतं. समोर रचलेल्या मोसंब्यांकडे शून्यपणे बघत होत्या. काटा एकोणपन्नासवर येऊन थांबला.

आणि मग पुन्हा हलला. सावकाश. एक्कावन्न, चौपन्न, सत्तावन्नच्या किंचित पुढे. मी खाली पाहिलं. कमलताईंच्या टाचेमागे, लोखंडी पाटावर, बबनरावांच्या उजव्या पायाचा चवडा होता. चेहऱ्यावर दरदरून घाम. आयुष्यात पहिल्यांदा चोरी करणारा माणूस असाच दिसत असणार.

काटा मारणारे व्यापारी हा शब्बीरभाईंचा आवडता विषय. त्यावर ते तासभर संतापून बोलू शकतात. त्यांनी पाय पाहिला. मग बबनरावांकडे पाहिलं. मग तबकडीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सत्तावन्न किलो, दोनशे ग्रॅम."

"कमळे, तू माझ्या वरच्या गटात आलीस," बबनराव म्हणाले.

कमलताई काही बोलल्या नाहीत. परत येताना रिक्षातही नाहीत. मला वाटलं, फुकट गेलं सगळं. या माणसानं जन्मभराचं इमान काट्यावर ठेवलं आणि हिला पत्ताही नाही.

घरी येऊन मी कुकर लावत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. बारीक, न वापरून गंजलेला, पण कमलताईंचाच.

"पाय होता तुमचा मागं. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी गॅस बंद केला.

"सोन्याच्या पदकासाठी दोनशे ग्रॅम सोडले न्हाईत तुम्ही. आन् आज आठ किलोचं खोटं केलंत?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता "हं" येणार, मला वाटलं. "हं" आलं असतं तर मी स्वतः बेल दाबून त्यांना ठोसा मारला असता. पण आला तो बबनरावांचा आवाज. बायकोशी भांडायची बिलकूल सवय नसलेल्या माणसानं काढावा तसा, भलत्याच पट्टीत.

"व्हय, केलं खोटं. पुन्यांदा करीन. तुझं काय म्हननं हाय?"

कमलताईंचं म्हणणं बरंच होतं. लग्नातल्या मानापमानापासून सुरुवात झाली. फरक एवढाच की आता प्रत्येक वाक्याला पलीकडून वाक्य येत होतं. मध्येच त्यांचा आवाज चढायचा, मध्येच रडण्यानं भरून यायचा, नातवाचं नाव यायचं, मग ते दोघंही थांबायचे आणि पुन्हा टॉवेलावर यायचे. मी जमिनीवर बसून पदरानं डोळे पुसत ऐकलं. दुसऱ्यांची भांडणं ऐकू नयेत हे मला कळतं. ऐकली.

चारच्या सुमाराला माझी बेल वाजली. दारात कमलताई, हातात रिकामा डबा. आवाज पार बसलेला, केस विस्कटलेले, गाल लाल.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"चालू हाय अजून. चहापुरतं थांबलोय." त्यांनी डबा पुढे केला. "ताई, डिंकाचे लाडू असले तर द्या थोडे. आठ किलो भरून काढायचेत. ह्यांचा काटा खोटा ऱ्हायला नको."