‘ज्ञ’च्या पायाची खाच

सूनबाईनं खिळ्यांची पेटी मागितली आणि मी दिली. चूक तिथंच झाली.

चाळीस वर्षं मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. एकेक अक्षर वेचून ओळ करायची. शिक्षण चौथी, पण हातून चूक नाही. तसं मालकांनी जाड कागदावर लिहून दिलेलं प्रशस्तिपत्रक भिंतीवर आहे. (पाहुण्यांना बसल्या जागेवरून दिसेल अशा भिंतीवर.) छापखाना बंद झाला तेव्हा ते पत्रक आणि ही पेटी मिळाली. त्या वळणाची अक्षरं आता कुठंच नाहीत. सूनबाई ती कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करणार होती. एकटीवर सोपवलेलं तिचं पहिलंच काम. सोमवारी तिच्या साहेबांना दाखवायचं होतं.

"बाबा, या अक्षराच्या कडेवर तेवीस पॉइंट आहेत."

"बारा. आमच्याकडे ते बारा पॉइंट मापाचंच होतं."

"ते पॉइंट वेगळे, बाबा."

(वेगळे कसे, ते तिनं दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.)

मग म्हणाली, "पेटीत ‘ज्ञ’ एकच आहे. त्याच्या पायाशी खाच दिसतेय. मुद्दाम ठेवलीय का?"

खाच मलाही नवीन होती. पण ‘ठाऊक नाही’ हे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत.

"मुद्दाम. जुन्या कारागिरांची खूण."

"मग बाकीच्या अक्षरांना का नाही?"

"झिजली."

मी एक शब्द बोललो. तिनं आठ दिवस खपून प्रत्येक अक्षराला खाच पाडली.

सोमवारी साहेब घरीच आले. परंपरा माझ्या तोंडून ऐकायची होती म्हणे. पडद्यावर ओळ उमटली. सगळी अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी.

"या खाचा कशाच्या?" साहेबांनी तो ‘ज्ञ’ हातात घेऊन विचारलं.

"परंपरेच्या," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अगंबाई, हा का? हा तर जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली होता! डुगडुगतं म्हणून यांनीच घातला होता, अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात झाडताना मी उचलून पेटीत टाकला."

साहेब खोकले. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

"चार दिवस घ्या," साहेब तिला म्हणाले. "अक्षरं उत्तम आहेत. फक्त उंदीर काढा."

तिनं काढले. चौथ्या दिवशी पडद्यावर आमच्या छापखान्याची अक्षरं जशीच्या तशी उभी राहिली. साहेबांनी काम पास केलं. रात्री जेवताना मला ‘शाबास’ म्हणायचं होतं, पण तेवढ्यात टेबल डुगडुगलं आणि आमटी माझ्या मांडीवर आली.

"‘ज्ञ’ आता मिळायचा नाही," सूनबाई म्हणाली. "जाड कागद चालेल, बाबा."

सासू-सुना दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

बायको म्हणाली, "चार घड्या पुरतील."

चूक. पाच लागल्या.