काकूंचं गाणं आणि काकांची जागा

काका शाळेत कारकून होते आणि कुठेही वेळेआधी पोहोचणं हा त्यांचा धर्म होता. (स्वतःच्या लग्नात नवरदेव आधी आला आणि खुर्च्या मागून आल्या, असं काकू सांगत.)

मुलगी नोकरीसाठी दूर गेली, तेव्हापासून काकूंचं गुणगुणणं बंद पडलं होतं. पूर्वी त्या भांडी घासताना गुणगुणत आणि काका पेपरच्या आडून ऐकत. आता नुसती भांडीच वाजत. काका याबद्दल कुणाजवळ बोलले नव्हते. पण मोठ्या शहरात फिरायला आल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, हिला खरंखुरं गाणं ऐकवायचं. कुणी सांगावं, सूर पुन्हा लागेल.

"इथे गाणंबिणं चालतं असा एखादा नाइट क्लब आहे का?" त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला हळूच विचारलं. "म्हणजे... सभ्य?"

"मागच्या गल्लीत, तळघरात. रात्री नऊनंतर जा, रंग चढतो."

नऊला जागा कुठली मिळायला! चहा घेऊन दोघं लगेच निघाली.

"अहो, अजून ऊन आहे. नाइट क्लब ना हा?"

"पुढच्या खुर्च्या मिळतील," काका म्हणाले.

पुढच्याच काय, सगळ्याच मिळाल्या. त्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या आणि एक बाई फरशी पुसत होती. छताजवळच्या बारीक खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. ओल्या फरशीवर ती अशी हलत होती, की सगळं तळघर पाण्याखाली आहे असं वाटावं. काकांनी दोन खुर्च्या सुलट्या केल्या.

स्टेजवर ड्रमवाला ठोका मारत होता. धप्. मग थांबत होता. पुन्हा धप्.

काका डोळे मिटून डोलू लागले. "फार खोल संगीत आहे."

"अहो, तो ड्रम तपासतोय."

"तेच तर. कसली म्हणून घाई नाही त्याला!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमवाला दचकला. तपासणीला टाळ्या त्याला जन्मात मिळाल्या नव्हत्या. तो लाजून हसला आणि पुढचा ठोका जरा नटवून मारला.

कानांवर हेडफोन लावलेला साउंडवाला खाली आला. "काकू, आमची गायिका यायचीय अजून. माइकवर जरा काही बोलता? आवाज लावून घेतो."

"मी? अगं बाई! काय बोलू?"

"काहीही."

काकू माइकसमोर उभ्या राहिल्या. बोलायला काही सुचेना. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि गुणगुणायला लागल्या. तोच भांड्यांचा सूर! पण आता तो भिंतींवरून परतून येत होता, जणू कुणी लांबून त्यांना साथ देत होतं. ड्रमवाल्याने हलक्या हाताने ताल धरला. पुसणाऱ्या बाईचा हात थांबला. काका उठले आणि झोपेत चालावं तसे स्टेजशेजारच्या उघड्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले. त्यांना काकू तरुण दिसत होत्या, मुलगी लहान दिसत होती आणि स्वतःच्या डोक्यावर केससुद्धा दिसत होते.

"काका, हलू नका!" साउंडवाला ओरडला. "अगदी तिथेच!"

काका थबकले. आपल्या चेहऱ्यावर काहीतरी विलक्षण उमटलं असावं, असं त्यांना वाटलं. ते गाणं संपेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले.

बाहेर आल्यावरही काकू गुणगुणतच होत्या. रस्त्यावर नुकते दिवे लागत होते. तेवढ्यात साउंडवाला धावत आला.

"काकू, उद्याही याच! मजा आली."

"आणि मी?" काकांनी छाती पुढे काढून विचारलं. "उभा राहीन की तसाच."

"नको काका, तुम्ही खुशाल बसा. तुम्ही उभे होतात ना, तिथे आवाज घुमू नये म्हणून आमचा एक जाड पडदा असतो. धुवायला दिलाय, उद्या येतोय."