किकवीच्या म्हशीची समान वाटणी

नवराबायकोला एकमेकांपासून सोडवणे ही किरकोळ बाब आहे. पंचांसमोर काडी मोडली की झाले. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण माणसे सुटली तरी भांडी सुटत नाहीत.

भोर संस्थान नुकतेच विलीन झाले होते. राजांच्या जागी कायदे आले होते आणि समता गावोगाव पोचवायची होती. किकवीत ती पोचवायचे काम आम्हा पंचांवर पडले. कुंडलिक आणि फुलाबाई यांचा काडीमोड झाला, वाटणी राहिली होती. मला पंच नेमले ते मी विधुर म्हणून. (ज्याला घरी जाऊन बायकोला जाब द्यायचा नाही तो निःपक्षपाती, असे गावाचे मत पडले.)

वाटणी निम्मी-निम्मी झाली. खाटेचे लाकूड कुंडलिकला, सुंभ फुलाबाईला. जात्याचा खालचा दगड त्याला, वरचा तिला. पीठ कोणालाच मिळाले नाही, पण अन्यायही झाला नाही.

उरली म्हैस. ती पारडी असताना फुलाबाईने माहेराहून, भोंगवलीहून आणलेली. आता तिला भावाच्या दारात राहायचे होते. म्हैस बरोबर असली तर तिथे तिला जेवायला पाट मिळणार होता, नसली तर उष्टी काढावी लागणार होती. फरक एवढाच होता.

"घासाघासानं वाढीवली म्या!" ती म्हणाली.

"गवत कुनाचं? माझ्या बांधाचं!"

"मग गवत ठिव की तुज्यापाशी."

(काडी मोडल्यापासून ती त्याला अरेतुरे करू लागली होती. हा हक्क वाटणीत धरलेला नव्हता.)

थोरले पंच गेनबा यांनी निवाडा दिला. गोठा कुंडलिकचा, म्हणून म्हैस कुंडलिकला. बदल्यात दावे, घंटा आणि गोवऱ्यांचा ढीग फुलाबाईला. म्हणजे त्याला एक वस्तू आणि तिला तीन. तरी ती नाराज का, हे आम्हाला समजले नाही.

संध्याकाळी कुंडलिक धार काढायला बसला. म्हैस फुलाबाईच्या हाताची. तिने पान्हा चोरला. यावर बायकोचे लुगडे नेसून बसणे हा माहीत असलेला उपाय आहे. पण लुगडी वाटणीत फुलाबाईकडे गेलेली. पंच पुन्हा बसले.

"घे, नेस," फुलाबाई म्हणाली. "निऱ्या म्याच घालून देते. उभा ऱ्हा नीट."

कुंडलिक डोक्यावर पदर घेऊन बसला. सगळा गाव शांतपणे बघत होता. म्हशीने मान वळवून त्याला हुंगले आणि लाथ घातली. (फुलाबाईला मिशी नव्हती, हे पंचांच्या ध्यानात उशिरा आले.)

कास तटतटून म्हैस रेकू लागली, तेव्हा आम्ही निवाड्यात दुरुस्ती केली. म्हैस कुंडलिकची, हात फुलाबाईचा. तिने रोज येऊन धार काढून द्यावी.

"हात माझा म्हनता न्हवं?" ती उठली. "मग हात चालला भोंगवलीला. ज्याला दूध पायजे त्यानं म्हस तितं घिऊन यावं."

गेनबांनी विचार केला. निवाड्याच्या विरुद्ध त्यात काहीच नव्हते. तेव्हापासून म्हैस कुंडलिकच्या मालकीची आहे आणि भोंगवलीला राहते. फुलाबाई पाटावर जेवते.

"जाऊ द्या तात्या," कुंडलिक मला म्हणाला. "घर तरी आता समदं माझं. एकट्याचं."

पुरी मालकी कशी असते ते बघायचे तर माझ्याकडे यावे. माझी बयाबाई काहीही वाटून न मागता गेली. चूल माझी, देव माझे, दोघांचे अंथरूण माझे. तिची फणीसुद्धा माझ्याच मालकीची आहे. मला टक्कल आहे.

घरात कालच कुणाला 'हे माझ्या कमाईचं' असे सुनावून आलेल्या वाचकांनी निराश होऊ नये. सगळे शेवटी एकाच्याच नावावर चढते. कोणाच्या, एवढे मात्र आधी कळवत नाहीत.