हलकी फाइल, हरवलेला कोट

"कॅमेऱ्यातला व्हिडिओ काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" जावईबापूंनी आपल्या लाँड्रीच्या काउंटरवर थाप मारली.

प्रश्न सासूबाईंच्या अब्रूचा होता. दुपारी काउंटरवर त्या बसत. घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे गिऱ्हाइकांशी गप्पा माराव्यात, हाच त्यांचा आनंद. आणि आता शाळेचे मुख्याध्यापक म्हणत होते, "यांनी माझा कोट भलत्याच माणसाला दिला!"

"सरांचा कोट मी सरांनाच दिलाय," सासूबाई ठणकावून सांगत होत्या. पण ऐकतंय कोण?

"आई, चूक तुझी निघाली, तर उद्यापासून तू घरीच बस," मुलगी म्हणाली. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला.

जावईबापू कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरसमोर बसले. फाइल कोणत्या प्रकारात हवी, असं रेकॉर्डरच्या पडद्याने विचारलं. रेकॉर्डरचा स्वतःचा फॉरमॅट, एमपीफोर, की मोबाईलसाठी सगळ्यात हलकी?

"हलकीच घेऊ! चटकन निघेल, चटकन जाईल!" आणि स्वतः बघायच्या आत त्यांनी ती घरच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा!

आता काय सांगायचं! त्या फाइलला ना आवाज, ना चेहरा. कोट नेणारा माणूस म्हणजे नुसता चौकोनांचा ढीग!

"अगंबाई! ही चालायची ढब तुमच्या धाकट्या भावाची!" बायको ओरडली.

"काहीतरीच! पोट बघ ते. तुझा मामा आहे तो!"

ग्रुपवर भडका उडाला. मामा रुसून ग्रुपमधून बाहेर पडले. धाकटा भाऊ तर कपाटातले सगळे कोट घेऊन दुकानात हजर! "घ्या, तपासा! चोर ठरवलंत ना मला?"

"थांब रे बाबा! चांगली फाइल काढतो." या वेळी त्यांनी रेकॉर्डरचा स्वतःचा फॉरमॅट निवडला. पण कॉम्प्युटर ती फाइल उघडायलाच तयार नाही! तिच्यासाठी म्हणे खास सॉफ्टवेअर लागतं. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात उभे.

"दादा, एमपीफोरमध्ये काढ ना! कुठेही उघडतं ते," भाऊ वैतागून म्हणाला.

फाइल उघडली. चित्र कसं लख्ख! आणि कोट नेणारे? खुद्द मुख्याध्यापक!

"अरे देवा!" सरांनी कपाळावर हात मारला. "इथून मी तसाच बहिणीकडे गेलो होतो. तिथेच राहिला असणार! चुकलो हो, आई."

सासूबाई खुर्चीत अशा ऐसपैस बसल्या, की त्यांना उठवायची आता कुणाची टाप नव्हती. पण व्हिडिओ चालूच होता, आणि या फाइलला आवाजही होता.

"जावई दिसत नाहीत?" पडद्यावरच्या सरांनी विचारलं.

"मागे झोपलेत," पडद्यावरच्या सासूबाई म्हणाल्या. "रोजच झोपतात. दुकान मीच सांभाळते!"

दुपारभर इस्त्री करून हात मोडून येतात, असं बायकोला रोज सांगणारे जावईबापू एकदम टेबलाखाली पेन शोधू लागले.

बायको म्हणाली, "आई, उद्यापासून सकाळीही तूच बस."

सासूबाईंनी हसत हसत आपला फोन पुढे केला. "जावईबापू, एवढं माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाका बरं. आवाजासकट!"